हॅरी फर्ग्युसन

हेन्री जॉर्ज ऊर्फ हॅरी फर्ग्युसन (जन्म : ४ नोव्हेंबर १८८४, मृत्यू : २५ ऑक्टोबर १९६०) हे आयर्लंडमध्ये जन्मलेले यंत्रज्ञ, संशोधक आणि उद्योजक होते. ट्रॅक्टर आणि नांगर यांना तीन ठिकाणी जोडून, हायड्रॉलिक दाबाच्या साहाय्याने नांगरटीची खोली आपोआप राखणारी रचना त्यांनी सिद्ध केली. तिला फर्ग्युसन पद्धत असे म्हणतात. आज थ्री पॉइंट लिंकेज या नावाने शेतकऱ्यांना परिचित असलेली जोडणी याच पद्धतीतून आलेली आहे. ट्रॅक्टरचा शोध फर्ग्युसन यांनी लावला असे कधी कधी लिहिले जाते, ते बरोबर नाही. ट्रॅक्टर त्यांच्या आधीपासून होते. ट्रॅक्टर आणि अवजार ही दोन निराळी यंत्रे नसून ते एकच यंत्र आहे, हा विचार मात्र त्यांचा होता. त्यांच्या कंपनीचा टीई२० हा लहानसा करड्या रंगाचा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. जुने ट्रॅक्टर दुरुस्त करून जतन करणाऱ्या हौशी मंडळींमध्ये तो आजही विशेष प्रिय आहे.

पूर्वायुष्य

फर्ग्युसन यांचा जन्म काउंटी डाउनमधील ड्रोमोर गावाजवळच्या ग्रोवेल या वस्तीवर एका शेतकरी कुटुंबात झाला. हा भाग आता उत्तर आयर्लंडमध्ये मोडतो. अकरा भावंडांपैकी ते चौथे. वडील जेम्स फर्ग्युसन हे प्लिमथ ब्रेदरन या कर्मठ ख्रिस्ती पंथाचे कडक अनुयायी होते. घरातील ही धार्मिक शिस्त हॅरींना मानवली नाही आणि पुढे ते ईश्वराबाबत अज्ञेयवादी राहिले. अंगाने किरकोळ असलेल्या या मुलाला शेतीतील कष्टाची कामे नकोशी वाटत. ज्या माणसाने पुढे शेतकऱ्यांचे कष्ट हलके करण्यात आयुष्य घालवले, त्याच्या मनात त्या कष्टांविषयीची नावड लहानपणीच रुजली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९०२ मध्ये ते देश सोडून जाण्याच्या बेतात होते. परंतु थोरले बंधू जो यांनी बेलफास्टमध्ये सायकली आणि मोटारी दुरुस्तीचे दुकान काढले होते, तेथे ते उमेदवार म्हणून दाखल झाले. बिघडलेले इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखून ते सुरळीत करण्यात त्यांचा हातखंडा होता. दुकानाची प्रसिद्धी व्हावी म्हणून ते मोटारसायकलींच्या आणि मोटारींच्या शर्यतींत उतरू लागले.

विमानोड्डाण

राइट बंधूंच्या यशानंतर युरोपात विमानविद्येचे वारे वाहू लागले होते. फर्ग्युसन यांनी विमानांची प्रदर्शने पाहिली, टिपणे काढली आणि स्वतःच एक एकपंखी विमान बांधले. ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो येथे जोराचा वारा असतानाही त्यांनी ते सुमारे १३० यार्ड उडवले. आयर्लंडमधील हे पहिले यंत्रचलित उड्डाण होय. पुढच्या वर्षी न्यूकॅसल या समुद्रकाठच्या गावी त्यांनी सुमारे तीन मैलांचे उड्डाण करून १०० पौंडांचे पारितोषिक मिळवले. विमानाच्या या नादावरून भावाशी मतभेद झाले आणि १९११ मध्ये त्यांनी बेलफास्टमध्ये स्वतःचा मोटारींचा व्यवसाय सुरू केला. १९१३ मध्ये मॉरीन वॉटसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

नांगराचा प्रश्न

१९१४ पासून फर्ग्युसन अमेरिकन बनावटीचे ओव्हरटाइम ट्रॅक्टर विकू लागले. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांमुळे ब्रिटनची अन्नधान्याची आयात संकटात सापडली आणि जास्तीत जास्त जमीन नांगराखाली आणण्याची निकड निर्माण झाली. १९१७ मध्ये सरकारी ट्रॅक्टरांच्या कामाची देखरेख फर्ग्युसन यांच्याकडे सोपवण्यात आली. विली सँड्स या आपल्या कुशल सहकाऱ्यासह त्यांनी आयर्लंडभर दौरा केला. शेतोशेती हिंडून त्यांनी ट्रॅक्टर जुंपून दिले, नांगर लावून दिले आणि दोष टिपून ठेवले.

तेव्हाचे ट्रॅक्टर बैल किंवा घोडे ओढत तसाच नांगर साखळीने वा दांड्याने मागे ओढत. नांगराला स्वतःची चाके असत, त्यामुळे नांगराचे वजन ट्रॅक्टरच्या कामी येत नसे. मऊ जमिनीत चाके जागच्या जागी फिरू नयेत म्हणून ट्रॅक्टर मुद्दाम जड बनवावा लागे. जड ट्रॅक्टर जमीन दाबून घट्ट करी आणि इंधनही अधिक खाई. याहून भयंकर धोका निराळाच होता. नांगराचा फाळ जमिनीतील खडकात किंवा झाडाच्या मुळात अडकला, की मागची चाके जखडली जात, पण इंजिनाची ओढ थांबत नसे. मग ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो मागे उलथे आणि चालक त्याखाली सापडे. १९१७ मध्ये बाजारात आलेला फोर्डसन हा स्वस्त ट्रॅक्टर या अपघातासाठी कुप्रसिद्ध झाला होता.

आपल्याकडच्या लाकडी नांगराशी तुलना केली तर प्रश्नाचे स्वरूप चटकन कळते. बैलांच्या मागे चालणारा शेतकरी एका हाताने रुमणे धरतो. जमीन कठीण लागली, बैलांना ओढ जड झाली, की तो रुमण्यावरचा दाब कमी-जास्त करून फाळ थोडा वर घेतो आणि मऊ जमीन आली की पुन्हा खोल जाऊ देतो. ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले, त्याबरोबर रुमण्यावरचा हा हातही गेला. फर्ग्युसन यांनी जे साधले, त्याचे वर्णन यंत्राला रुमण्यावरचा हात परत मिळवून देणे असे करता येईल.

फर्ग्युसन पद्धत

१९१७ मध्ये फर्ग्युसन यांनी मोटारीपासून बनवलेल्या इरॉस या हलक्या ट्रॅक्टरसाठी चाके नसलेला, थेट ट्रॅक्टरला जोडता येणारा नांगर तयार केला. पुढे फोर्डसनसाठी वर एक आणि खाली एक अशा दोन दांड्यांचा नांगर बनवला. खोलीच्या स्वयंचलित नियंत्रणाचे पेटंट १९२६ मध्ये मिळाले. अमेरिकेत इव्हान्सव्हिल येथे शर्मन बंधूंच्या भागीदारीत नांगरांचा कारखाना निघाला. पण १९२८ मध्ये फोर्ड कंपनीने अमेरिकेतील फोर्डसनचे उत्पादन थांबवताच त्या नांगरांना ट्रॅक्टरच उरला नाही. दुसऱ्याच्या यंत्राला आपले अवजार जोडण्यातील दुबळेपणा फर्ग्युसन यांना येथे पुरता उमगला. आता ट्रॅक्टरही आपलाच हवा, असे त्यांनी ठरवले आणि १९३३ पर्यंत एक नमुना ट्रॅक्टर बांधून काढला. काळ्या रंगामुळे तो ब्लॅक ट्रॅक्टर म्हणून ओळखला जातो आणि आज लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

या पद्धतीत खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्या असतात. नांगर चालू असताना खालच्या दोन दांड्यांवर ताण येतो, तर वरची दांडी पुढे ट्रॅक्टरवर रेटली जाते. या रेट्यामुळे ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले न जाता खाली दाबले जाते आणि नांगराचे व मातीचे वजन मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते. म्हणजे काम जितके जड, तितकी पकड अधिक. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जड काम करू शकतो. वरच्या दांडीच्या टोकाशी एक मजबूत स्प्रिंग असून ती हायड्रॉलिक पंपाच्या झडपेशी जोडलेली असते. जमीन कठीण लागली की वरची दांडी स्प्रिंगला अधिक दाबते, झडप हलते आणि नांगर किंचित वर उचलला जातो. जमीन मऊ झाली की याच्या उलट घडते. फाळ खडकाला अडकलाच, तर मागच्या चाकांवर आलेला भार कमी होऊन ती जागेवरच फिरू लागतात आणि ट्रॅक्टर उलथत नाही.

१९३६ मध्ये हडर्सफील्डच्या डेव्हिड ब्राउन यांच्या कारखान्यात या पद्धतीचा फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टर तयार होऊ लागला. सुमारे १,३५० ट्रॅक्टर बनले. खप बेताचाच राहिला. त्याचे एक कारण उघड होते : शेतकऱ्याच्या घरची जुनी अवजारे या ट्रॅक्टरला लागत नसत, सगळी नवी घ्यावी लागत. ब्राउन यांना मोठा ट्रॅक्टर हवा होता, फर्ग्युसन आपल्या आराखड्यात बदल करू देईनात, आणि भागीदारी संपली.

हेन्री फोर्ड यांच्याशी करार

ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत डिअरबॉर्न येथे हेन्री फोर्ड यांच्या निवासस्थानी गेले. फोर्ड यांच्यासमोर प्रत्यक्ष नांगरट करून दाखवल्यावर, चावीच्या छोट्या प्रतिकृतीच्या आधारे त्यांनी आपल्या पद्धतीमागचे तत्त्व समजावून सांगितले. फोर्ड यांनी पेटंट विकत घेण्याची तयारी दाखवली. फर्ग्युसन यांनी ती नाकारली. अखेर फोर्ड यांनी ट्रॅक्टर बनवावेत आणि फर्ग्युसन यांनी आराखडा देऊन विक्री सांभाळावी, असे ठरले. कागदावर काहीही लिहिले गेले नाही. दोघांनी हस्तांदोलन केले एवढेच. जून १९३९ मध्ये फोर्ड ९एन हा ट्रॅक्टर बाजारात आला. तो आणि त्याची युद्धकालीन आवृत्ती २एन मिळून तीन लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले गेले.

हा करार दोन स्वाभिमानी माणसांच्या परस्पर विश्वासावर उभा होता. त्यातील एक माणूस बाजूला होताच तो कोसळला. कंपनीची सूत्रे नातू हेन्री फोर्ड दुसरे यांच्याकडे आल्यावर, ट्रॅक्टरच्या व्यवहारात कंपनीला तोटा होत असल्याचे कारण देऊन १९४६ अखेरीस करार रद्द करण्यात आला. १९४७ मध्ये फोर्ड कंपनीने ८एन हा ट्रॅक्टर स्वतंत्रपणे विकायला काढला. त्यातही फर्ग्युसन पद्धतीचीच रचना होती. जानेवारी १९४८ मध्ये फर्ग्युसन यांनी २५ कोटी १० लाख डॉलरच्या भरपाईचा दावा लावला. चार वर्षे साक्षी, जबान्या आणि कागदपत्रांचा डोंगर उभा राहिला. एप्रिल १९५२ मध्ये तडजोड झाली. फर्ग्युसन यांच्या पदरी ९२ लाख ५० हजार डॉलर पडले आणि पंपाची रचना बदलण्याचे फोर्ड कंपनीने मान्य केले. मागितलेल्या रकमेच्या मानाने हा आकडा फारच लहान आहे. तरीही एकट्या संशोधकाने एवढ्या बलाढ्य कंपनीकडून आपल्या पेटंटचे मोल वसूल केले, म्हणून या खटल्याला औद्योगिक इतिहासात महत्त्व आहे. लेखी करार केला असता तर पुढचा खटला टळला असता, असे म्हणणे सोपे आहे. पण लेखी कराराचा आग्रह धरणाऱ्या फर्ग्युसनांशी वृद्ध फोर्ड यांनी करार केला असता का, हाही प्रश्न उरतोच.

टीई२० ट्रॅक्टर

ब्रिटनमध्ये स्टँडर्ड मोटर कंपनीने कॉव्हेंट्री येथील बॅनर लेन कारखान्यात १९४६ पासून फर्ग्युसन यांच्यासाठी टीई२० ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. महायुद्धात येथे विमानांची इंजिने तयार होत. पहिल्या ट्रॅक्टरांना अमेरिकेहून आणलेले कॉन्टिनेंटल इंजिन होते. नंतर स्टँडर्ड कंपनीचे स्वतःचे इंजिन आले. पेट्रोलवर चालणारा टीईए२०, रॉकेलसारख्या ट्रॅक्टर तेलावर चालणारा टीईडी२० आणि १९५१ मध्ये आलेला डिझेलचा टीईएफ२० हे त्याचे प्रमुख प्रकार होत. वजन सुमारे ११०० किलो, गिअर चार पुढचे आणि एक मागचा. १९५६ पर्यंत एकूण ५,१७,६५१ ट्रॅक्टर तयार झाले.

फर्ग्युसन काटेकोरपणाबद्दल प्रसिद्ध होते, कित्येकांच्या मते तऱ्हेवाईक म्हणावे इतके. तो काटेकोरपणा या ट्रॅक्टरमध्ये जागोजागी दिसतो. गिअरची दांडी एका ठरावीक खाचेत नेल्याखेरीज इंजिन सुरूच होत नाही, त्यामुळे गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर अचानक धावण्याचा धोका उरत नाही. सोबत मिळणाऱ्या पान्यावर इंचांच्या खुणा असत. त्याच पान्याने नट फिरवायचे आणि त्यानेच नांगराची मापे घ्यायची. रंग सर्वांचा एकच, करडा.

एडमंड हिलरी यांच्या नेतृत्वाखालील पथक ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते चाकांवर पट्टे चढवलेल्या तीन फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून. मोटार वाहनाने जमिनीवरून ध्रुव गाठण्याची ती पहिलीच वेळ होती.

अखेरची वर्षे

१९५३ मध्ये फर्ग्युसन यांनी आपली कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केली. किमतीत दहा लाख डॉलरचा फरक उरला, तेव्हा नाणे उडवून निर्णय घेण्यात आला आणि फर्ग्युसन हरले. नव्या कंपनीचे अध्यक्षपदही त्यांनी वर्षभरातच सोडले. भाऊ, डेव्हिड ब्राउन, फोर्ड, मॅसी-हॅरिस : त्यांची कोणतीच भागीदारी फार काळ टिकली नाही. अवजार आणि ट्रॅक्टर यांच्यातील सांधा त्यांनी जितका पक्का केला, तितका माणसांशी असलेला सांधा त्यांना पक्का करता आला नाही.

उरलेला काळ त्यांनी मोटारींच्या चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या यंत्रणेच्या संशोधनात घालवला. याच यंत्रणेवरील फर्ग्युसन पी९९ या मोटारीने १९६१ मध्ये स्टर्लिंग मॉस यांच्या हाती औल्टन पार्क येथील शर्यत जिंकली. ते यश पाहायला फर्ग्युसन नव्हते. अखेरच्या वर्षांत त्यांना नैराश्याने ग्रासले होते. २५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्लॉस्टरशायरमधील राहत्या घरी झोपेच्या औषधाचे प्रमाण अधिक झाल्याने त्यांचा मृत्यू झाला. तो अपघात होता की नाही, याचा निश्चित निर्णय चौकशीत झाला नाही. उत्तर आयर्लंडमधील नॉर्दर्न बँकेने २० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

भारताशी संबंध

१९५८ मध्ये कंपनीचे नाव मॅसी फर्ग्युसन झाले. तिच्या सहकार्याने १९६० मध्ये मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईत, टॅफे ही कंपनी स्थापन झाली. टीई२० नंतर आलेल्या एमएफ ३५ च्या वंशातील १०३५ हा ट्रॅक्टर भारतात दीर्घकाळ लोकप्रिय राहिला आणि महाराष्ट्रातही तो सर्रास दिसतो. अन्य कंपन्यांच्या ट्रॅक्टरांनाही आता तीन दांड्यांची जोडणीच असते. तिची मापे आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार ठरलेली असल्यामुळे एका कंपनीचा पल्टी नांगर किंवा रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला लावता येतो. गावाकडे मात्र या सगळ्याला लिफ्ट एवढाच शब्द पुरतो.

जुन्या फर्ग्युसन ट्रॅक्टरचे परीक्षण आणि पुनरुज्जीवन

टीई२० हा ट्रॅक्टर जतन करणारे हौशी लोक ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा अनेक देशांत आहेत. सुटे भाग अजूनही मिळतात आणि रचना साधी आहे, ही त्याची मुख्य कारणे. असा ट्रॅक्टर पाहताना नवखा माणूस पत्रा, रंग आणि इंजिनाचा आवाज पाहतो. जाणकार मात्र आधी लिफ्ट पाहतो. कारण लिफ्ट निकामी झालेला टीई२० हा फर्ग्युसन यांच्या दृष्टीने अर्धाच ट्रॅक्टर आहे.

पंप गिअरच्या पेटीतील तेलातच बुडलेला असतो आणि पीटीओच्या दांड्यावर चालतो. म्हणून पीटीओ जोडून, एखादे जड अवजार उचलून, मग इंजिन बंद करून पाहतात. अवजार बराच वेळ वर राहिले तर आतील पिस्टन आणि झडपा ठीक आहेत असे समजावे. लगेच खाली बसू लागले तर तेल कोठेतरी निसटते आहे. इंजिन चालू असताना अवजार धक्के खात उचलले जात असेल, तर पंपाच्या झडपांकडे संशयाची सुई वळते. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. उघड्यावर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरमध्ये हे नेहमी आढळते. वरच्या दांडीची स्प्रिंग आणि तिचा सांधा सैल झाला असेल, तर नांगर उचलला जाईल, पण खोली राखली जाणार नाही. हा दोष शेतात नांगरट केल्याखेरीज कळत नाही.

इंजिनातील सिलिंडरांना ओले लायनर असतात, म्हणजे त्यांच्याभोवती थेट पाणी खेळते. लायनरच्या तळाची सीले खराब झाली की पाणी खाली तेलात उतरते. म्हणून डिपस्टिक काढून तेलाचा रंग पाहणे आवश्यक. टीईडी२० मध्ये उलट तक्रार असते. इंजिन पुरेसे तापण्याआधी पेट्रोलवरून ट्रॅक्टर तेलावर घेतले, तर न जळलेले तेल खाली झिरपून वंगण पातळ करते आणि लायनर झिजतात. अशा वेळी डिपस्टिकला रॉकेलासारखा वास येतो. थंड प्रदेशात पाणी न काढता ठेवलेल्या ट्रॅक्टरचा ब्लॉक गोठणाऱ्या पाण्याने तडकतो, त्यासाठी ब्लॉकच्या बाजू नीट निरखाव्या लागतात. हँडलने इंजिन हळूहळू फिरवून चारही सिलिंडरांचा दाब सारखा लागतो का, हे हातालाच कळते. इंजिन जाम झाले असेल तर हँडलवर जोर न करता सिलिंडरांत पातळ तेल सोडून काही दिवस थांबणे शहाणपणाचे.

या ट्रॅक्टरला स्वतंत्र चॅसी नाही. इंजिन, गिअरची पेटी आणि मागचा आस हाच त्याचा सांगाडा. त्यामुळे क्लच बदलायचा तर ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत उघडावा लागतो, हा खर्च आणि श्रम आधीच धरावेत. मागच्या आसाची सीले गळून तेल ब्रेकवर उतरणे, पुढच्या आसाच्या पिना झिजणे, मागच्या रिमा आतून गंजणे हे नेहमीचे दोष. डॅशबोर्डवरील पट्टीवरचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक ताडून पाहिल्यास इंजिन मूळचे की नंतर बसवलेले, याचा अंदाज येतो. बदललेले इंजिन हा दोष नव्हे. शेतकऱ्याने ट्रॅक्टर कामात ठेवण्यासाठीच ते बदललेले असते.

रंगाच्या बाबतीत हौशी लोकांत दोन तट आहेत. काही जण ट्रॅक्टर सुटा करून, गंज पूर्ण काढून, मूळच्या करड्या छटेचा शोध घेत तो नव्यासारखा करतात. दुसरे यंत्र दुरुस्त करतात, पण पत्रा आहे तसा ठेवतात, घासून उघड्या पडलेल्या जागांसह. नवा रंग दिलेल्या ट्रॅक्टरमध्ये जुनी डागडुजी झाकली जाते. म्हणून विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने उघड्या पत्र्याचा, पण लिफ्ट नीट चालणारा ट्रॅक्टर पारखायला सोपा आणि बहुधा स्वस्तही.